पाटी भिंतीवरच राहिली

ताई माझी थोरली बहीण. एकवीस वर्षं हॉस्पिटलात आया. अंग पुसायचं, शौचाची भांडी द्यायची-घ्यायची, चादरी बदलायच्या, हे तिचं काम. मरणाऱ्याच्या उशाशी बसायचं काम तिला कुणी दिलं नव्हतं, ते तिनंच अंगावर घेतलं. ज्याचं कुणी वेळेवर पोचत नाही, त्याच्या कानात त्याच्याच धर्माची शेवटची प्रार्थना म्हणायची. लोकांना विचारून विचारून तिनं वहीत उतरवून घेतल्या होत्या. चार धर्मांच्या, सगळ्या तोंडपाठ.

मी फाटक्या तोंडाची. म्हणायचे, "नसत्या उठाठेवी. आधी आपला देव सांभाळ."

"अगं, जाताना माणसाला आपलं काहीतरी ऐकू यावं, एवढंच," ती म्हणायची.

आईला मात्र तिचं फार कौतुक. आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिनं ताईला सांगूनच ठेवलं होतं, "माझ्या वेळी तूच म्हण. धाकटीला अर्धीच येते, आणि तीही ती भांडल्यासारखी म्हणते." खोटं नव्हतं ते.

वॉर्डात प्रत्येक खाटेच्या वर भिंतीला पाटी असते. नाव, आजार, धर्म. सात नंबरच्या म्हाताऱ्याची वाचा गेली होती. तो सारखा खिडकीकडे बोट दाखवायचा. ताईला दया आली. तिनं त्याला खिडकीजवळच्या नऊ नंबरवर नेलं आणि तिथल्या माणसाला सातवर आणलं. पाट्या बदलायच्या राहिल्या. चाळीस खाटा आणि दोन आया, राहतात अशा गोष्टी.

तीन दिवसांनी, भर दुपारी, म्हातारा जायला लागला. ताईनं सवयीनं भिंतीकडे पाहिलं, पाटी वाचली आणि कानाशी वाकून त्या धर्माची प्रार्थना म्हटली.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. त्याचा बांध फुटला तशी ताई त्याच्याजवळ गेली. "एकटे नव्हते हो ते. मी तुमची प्रार्थना म्हटली," आणि पहिली ओळ म्हणून दाखवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"ही आमची नाही," तो म्हणाला. मग विचारलं, "शुद्धीवर होते?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. "होते. माझं मनगट घट्ट धरलं होतं."

"मग ते नको म्हणत होते. त्यांना बोलता येत नव्हतं ना."

त्या वाक्यानं ताई खचली. त्यांच्या धर्मगुरूंकडे गेली. ते भले माणूस. म्हणाले, "अजाणता झालं, बाई. तुम्हाला दोष नाही."

"माझं मरू द्या. त्यांचं काय वाईट झालं ते सांगा."

"ते देवालाच ठाऊक."

घरी येऊन तिनं मला विचारलं, "मी त्यांची वाट अडवली का गं?" आणि मी मेली काय बोलले, तर, "सांगत होते की नाही मी?" जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तिच्या तोंडून प्रार्थना गेली. घरातलीसुद्धा. ओठ हलायचे, आवाज नाही.

दोन महिन्यांनी आईची वेळ आली. सकाळची वेळ, आम्ही दोघी जवळ. आईनं ताईचं मनगट धरलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ताईनं तोंड उघडलं. काही आलं नाही. मी म्हणाले, "ताई, पाया पडते तुझ्या, म्हण." मग मीच सुरू केलं. अर्ध्यावर अडले, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच अडले. आईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती ताईकडे बघतच गेली.

ताईचं मनगट सोडवायला आईचं एकेक बोट मला उघडावं लागलं.

ताई त्या बोटांकडे बघत होती. म्हणाली, "म्हाताऱ्यानं असंच धरलं होतं. पण प्रार्थना संपली तशी त्यांची पकड आपोआप सैल झाली होती. हे मी त्यांच्या मुलाला सांगितलंच नाही गं. मलाही आत्ता आठवलं."