किटलीतली पेज

"कोनाच्या तरी खोलीत भात शिजून राह्यला जी. अगदी घरच्यावानी वास येऊन राह्यला."

बाहेरच्या व्हरांड्यातून एका बाईचा आवाज आला आणि आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. आईच्या हातातली पळी पातेल्याच्या वर तशीच राहिली. मी खिडकीचा पडदा धरून उभी होते. वाफ बाहेर जावी, पण बाहेरच्यांना आतलं काही दिसू नये, अशी दोन्ही कामं मी त्या एका पडद्याकडून करून घेत होते. बाबा मफलर गुंडाळून पलंगावर बसले होते. त्यांना भीती वाटल्यासारखी दिसत नव्हती. उलट घरच्यासारखा वास येतो असं कोणीतरी म्हटल्याचा त्यांना आनंदच झाला होता.

"पाय ना," ते हळूच म्हणाले, "तारीफ होऊन राह्यली तुयी."

"चूप बसा. तुमच्या नाटकापायी चोरावानी भात मांडा लागून राह्यला मले."

वडशाच्या स्टेशनजवळच्या लॉजमधली ती वरच्या मजल्यावरची खोली होती. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर देवादिकांऐवजी एका सिमेंट कंपनीचं कॅलेंडर. खाली फरशीवर, भिंतीला लागून, आमचा घरचा हीटर लालभडक तापला होता.

हिवाळा लागला की वडशात नाटकांचा हंगाम सुरू होतो. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातल्या, नाटक मंडळ्या तिथे मुक्काम करतात आणि तिथून गावोगाव प्रयोगांना जातात. बाबा घुग्घुसच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचे. वर्षभर शिफ्टची कुरकूर करायचे, पण थंडीत चार दिवस रजा टाकून नाटकं पाहायला वडशाला जायचेच. त्या वर्षी दिवाळीत त्यांना कावीळ झाली. डोळे पिवळे, अंग पिवळं, आणि चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तेल, तिखट, बाहेरचं खाणं सगळं बंद केलं. पुढे डोळे पांढरे झाले, पण भूक परत आली नाही. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. आई "वाढू का?" विचारायची आणि ते नुसता हात आडवा करायचे. मी नागपूरहून सुट्टीत घरी आले तेव्हा हा आडवा हात मी पहिल्यांदा पाहिला.

वडशाचं नाव मात्र त्यांनी सोडलं नाही. शेवटी आईनं अट घातली. "घरचं जेवन तिथी भेटलं तरच. एक घास बाहेरचा खाल्ला तं तिथूनच वापस." आणि मग आम्ही तिघंही निघालो. तांदूळ, मुगाची डाळ, मीठ, दोन पातेली आणि जुन्या चादरीत बांधलेला हीटर.

या हीटरबद्दल सांगायला हवं. आमच्या कॉलनीत तीच चूल होती. मातीची गोल थाळी, तिच्यात कोरलेल्या नाळीत स्प्रिंगसारखी कॉईल, खाली लोखंडी पाय. वीज खाणीकडून फुकट, क्वार्टरला मीटर नव्हतं, त्यामुळे कोणाच्याही घरी जा, हीटर दिवसभर लाल. त्यावर पाणी तापायचं, वरण शिजायचं, पावसाळ्यात वर दोरी बांधून शाळेचे मोजे वाळायचे. कॉईल तुटली की दोन टोकं एकमेकांत अडकवायची. प्लग तर कोणाच्याच हीटरला नसायचा. वायरीची सोललेली टोकं सॉकेटमध्ये घालायची आणि आगकाड्या खुपसून घट्ट करायची. बाहेरच्या जगात एका खोलीनं किती वीज ओढावी याला काही हद्द असते, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातच आलं नाही. मी तर तेव्हा इंजिनिअरिंगला होते.

भात अर्धा शिजला असेल. शेजारच्या खोलीतून एका बाईचे संवाद ऐकू येत होते, रात्रीच्या प्रयोगाची उजळणी चालली असावी. बाबा ओठ हलवून तिच्याबरोबर ते म्हणत होते. ते नाटक त्यांनी कितीदा पाहिलं होतं कोण जाणे. एवढ्यात सॉकेटमध्ये पट्ट असा आवाज झाला, आगकाडी जळल्याचा वास आला आणि बल्ब गेला.

व्हरांड्यात दारं उघडली.

"गेली का जी?"

"साऱ्या लॉजचीच गेली!"

मग जिन्यावर चपला वाजल्या. लॉजचे मालक वयस्क मुसलमान गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. आईनं पातेलं उचलून मोरीत ठेवलं, हीटर पायानं पलंगाखाली ढकलला आणि त्याच्यावर ताट उपडं घातलं. चाचा टॉर्च घेऊन दारात आले.

"या ना चाचा, बसा," बाबा म्हणाले.

चाचा बसले नाहीत. त्यांनी नाकानं एक लांब श्वास घेतला. "हीटर कोन लावला जी?"

आई कॅलेंडर वाचत होती.

"बाई, पलंगाखालून धूर निघून राह्यला."

ती माझी चप्पल होती. तिची रबरी टाच कॉईलला चिकटली होती.

"कुठून आले तुम्ही?"

"घुग्घुसहून."

"खानीच्या कॉलनीतून?"

"हो जी."

"तरीच!" चाचांनी कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, हे लॉज आहे, कॉलनी नाई. इथी मीटर फिरते!"

त्यांनी हीटर गमछ्यात धरला, जिवंत खेकडा धरावा तसा अंगापासून लांब, आणि घेऊन गेले. "जातेवेळी घेऊन जाजा," असं जिन्यावरून सांगितलं. थोड्या वेळानं परत येऊन त्यांनी आमच्या खोलीतला बोर्ड उघडला आणि आतली एक वायर काढून ठेवली. दिवा आला. "दिवा भेटन. प्लग नाई. जेवाले खाली मेस आहे."

मेस आम्ही येतानाच पाहिली होती. वरणावरसुद्धा लाल तेलाची तर्री तरंगत होती. मोरीतल्या पातेल्यात भाताचे दाणे बोटानं दाबले तर मधून टणक लागत होते.

"मेसचा कोरा भात खातो ना मी," बाबा म्हणाले. "भात तं भातच असते."

"तुमचा कोरा भात मले माईत आहे. वरून रस्सा ओतान. सांजची गाडी हाये. चला."

आई चादरीच्या घड्या घालू लागली. बाबा एरवी आईशी मिठावरूनही वाद घालायचे. त्या दिवशी त्यांनी मफलर काढला, मांडीवर ठेवून नीट चौकोनी घडी केली आणि पिशवीत ठेवला. भिंतीपलीकडे संवाद पुन्हा सुरू झाले होते. या वेळी त्यांचे ओठ हलले नाहीत.

मला ते पाहवेना. मी माझी बॅग उघडली आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली किटली बाहेर काढली.

छोटी स्टीलची विजेची किटली होती. हॉस्टेलमध्ये अशा वस्तूंना बंदी होती, त्यामुळे ती कपाटात स्वेटरच्या आत राहायची. वडशाला मी ती कोणाला न सांगता आणली होती, आणि कारण अगदी साधं होतं. लॉजवर चहा हवा असला तर खाली जाऊन कोणाला तरी सांगावा लागला असता.

"हे कुठून आलं?" आईनं विचारलं.

"हॉस्टेलमधून."

"काय करते तू यात?"

"चहा." मग किटली टॉवेलनं पुसत मी म्हणाले, "खिचडी पण."

"आनि फोनवर सांगते का मेसचं जेवन चांगलं राह्यते म्हून!"

बाबा हसले. पण लगेच त्यांची नजर सॉकेटकडे गेली. "राहू दे माय. प्लगच नाई तं काय करशीन?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. उंच बाई, केस मोकळे, खांद्यावर जरीची साडी. तिनं तोंड उघडताच बाबा पलंगावरून उठून उभे राहिले. भिंतीपलीकडचा आवाज तिचाच होता. रात्रीच्या नाटकातली नायिका आमच्या दारात उभी होती.

"भात तुमचाच ना? मी मघाशी म्हनलं ना जी, घरच्यावानी वास येऊन राह्यला म्हून." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फ्यूज काई एकट्या तुमच्यानं नाई उडाला. माई इस्त्री पन लावून होती. चाचाले सांगजा नोका."

"पन तुमचा प्लग काऊन नाई बंद केला त्यानं?" आईनं लगेच विचारलं.

"मी कुठी सापडली?"

आईला हे पटलं. तिनं चादर खाली ठेवली. मी किटली आणि ते अर्धकच्च्या भाताचं पातेलं उचललं, आणि आम्ही शेजारच्या खोलीत गेलो.

तिची इस्त्री पत्र्याच्या दोन पेट्यांच्या मध्ये उलटी, तळ वर करून ठेवली होती आणि तिच्यावर सकाळची पोळी गरम होत होती. साडीची इस्त्री तर तिच्यानं व्हायचीच, पण जेवणही तिच्यावरच होत होतं. आईनं ते पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच त्या लॉजबद्दल आपुलकी दिसली.

"प्लग एकच हाये," ती बाई इस्त्रीची वायर काढत म्हणाली. "पदर तेवढा झाला माया. खालचं कोन पायते?"

मी किटलीत चार चमचे भात घातला, भरपूर पाणी, चिमूटभर मीठ. आमच्या किटलीला आपोआप बंद होणं माहीत नव्हतं. फेस झाकणापर्यंत आला की बटण बंद करायचं, खाली बसला की चालू करायचं. मी सॉकेटजवळ फरशीवर बसले आणि बटणावर बोट ठेवलं. हे मी हॉस्टेलमध्ये शिकले होते, आणि तिथेही एकटीनंच.

"किटलीत कुठी पेज होते?" आई उभ्यानं म्हणाली. मग वाकून म्हणाली, "फेस तं येऊन राह्यला." मग शेजारी बसली आणि चमच्याची दांडी घालून ढवळायला लागली.

त्या बाईनं काजळ घालता घालता मला विचारलं, कुठे शिकतेस, काय शिकतेस. मी मान हलवली, हसले. असं माझं नेहमीच व्हायचं. कॉन्व्हेंटमध्ये गेल्यापासून उत्तर आधी इंग्रजीत तयार व्हायचं, मग त्याचं पुस्तकी मराठी व्हायचं, आणि ते समोरच्या माणसांत शोभेल असं होईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं.

"बोलत नाई का वो पोरगी?"

"बोलते ना," आई म्हणाली. "कामापुरती."

बाबा आत आले नाहीत. परक्या बाईच्या खोलीत कसं यायचं म्हणून व्हरांड्यात दाराशी खुर्ची घेऊन बसले, पण मान मात्र पूर्ण आत होती. "दुसऱ्या अंकातलं ते रडनं," त्यांनी एकदा धीर करून म्हटलं, "मागच्या साली लय भारी झालतं जी." ती बाई आरशातूनच लाजली.

पेज झाली. दाणे फुटून पाण्यात मिळून गेले होते. आईनं वाटीत ओतून बाबांना दिली. त्यांनी फुंकर घातली, एक घोट घेतला, थांबले. आम्ही तिघी दुसरीकडे पाहत होतो, म्हणजे तसं दाखवत होतो. आई पेटीवरची धूळ पुसत होती. मग वाटी तोंडाला लागली ती खाली आलीच नाही. शेवटी बोटानं कडा पुसून त्यांनी वाटी आत केली.

"अजून हाये का?"

आईनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग घाईघाईनं म्हणाली, "हाये, हाये. होऊन राह्यली."

किटली रिकामी होती. मी पातेल्यातला उरलेला भात तिच्यात घातला, पाणी घातलं, बटण दाबलं. ती बाई म्हणाली, "होऊ दे जी सावकाश. मी गेल्याबिगर परदा थोडीच उघडते? तुमच्यासाठी समोरची जागा ठेवाले सांगते." बाबा रिकामी वाटी हातात घेऊनच आमच्या खोलीत पिशवीतून मफलर काढायला गेले.

पाणी नुकतंच गुणगुणायला लागलं होतं, तेव्हा जिन्यावर पुन्हा त्याच चपला वाजल्या. त्या बाईनं इस्त्रीवर साडी टाकली. आई पदर पसरून किटलीसमोर उभी राहिली. मफलर गुंडाळून परतलेले बाबा व्हरांड्यात रिकामी वाटी पाठीमागे धरून चाचांकडे पाहून हसत होते, आणि त्या हसण्यावरूनच चाचांना सगळं कळलं असावं.

चाचा दारात आले. आईच्या पदरामागून वाफ वर येत होती.

"फिर से? अरे, काय चाललं काय तुमचं? बंद करा ते, आत्ताच्या आत्ता."

त्या बाईनं आईकडे पाहिलं, आईनं बाबांकडे. चाचा खोलीत येऊन बोर्डाकडे वाकले. बटणावर माझं बोट होतंच. मी त्याच्यावर पूर्ण हात ठेवला.

"नाही चाचा," मी म्हणाले. "माझ्या बाबांनी आज पुन्हा मागितली आहे. एवढी वाटी होऊ द्या, मग मीच बंद करते."