ट्रेलरखाली बाबा

काल लेकीचे केस वाळवताना ड्रायर तापला, प्लास्टिकचा वास आला आणि २०१७चा ऑक्टोबर आठवला. तेव्हा मी आणि माझा नवरा अमित केंब्रिजबाहेर, कायमच्या उभ्या केलेल्या एका जुन्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहायचो. बाबा नाशिकहून पहिल्यांदाच आले होते. ट्रेलरचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तो बघून ते आधी त्याभोवती एक चक्कर मारून आले.

दुसऱ्या दिवशी मी, विंटरमध्ये गार वारा आत येऊ नये म्हणून, खिडक्यांवर प्लास्टिक ताणून ते घट्ट बसवायला ड्रायरने गरम करत होते. बाबा दिसेनात म्हणून बाहेर गेले, तर ट्रेलरखालून त्यांचे पाय दिसले. गार जमिनीवर उताणे पडून ते पाणी गोठू नये म्हणून पाइपला फोम गुंडाळत होते.

"बाबा, राहू द्या. अमित करेल शिफ्टवरून आल्यावर."

"तो दमून येईल. टेप दे."

मी टेप सरकवली. "घर बघून वाईट वाटलं ना?"

"तू लपवलंस, त्याचं वाटलं." टेप फाडत खालूनच म्हणाले, "लग्नानंतर आम्ही वर्षभर एका गॅरेजात राहिलो. मीही तुझ्या अण्णाआजोबांना कळवलं नव्हतं."

तेव्हा मला नुसतं हायसं वाटलं. आज बाबा नाहीत, आणि कळतं, की माझ्यासमोर बसून ते हे कधीच बोलू शकले नसते.