आधी शिंप्याच्या अंगावर

गल्लीतल्या शिंप्याला सगळे ‘ट्रायल मास्टर’ म्हणत. शिवलेला कोट गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधी स्वारी तो स्वतः चढवून कोपऱ्यापर्यंत मिरवून यायची. वर ऐट अशी, की “खांद्यात कुठं धरतो, ते चालल्याशिवाय कळत नाही.” एका नवरदेवाला तर आपला लग्नाचा कोट चहाच्या टपरीवर बिस्किट बुडवून खाताना दिसला होता, एवढंच सांगतो.

अशा माणसाच्या बायकोला रक्ताचा कॅन्सर झाला. ती दवाखान्यात, हा उशाशी, आणि तोंडं दोघांचीही चालूच. एकदा शिरेतून औषध देताना डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या, “हे मूळचं सदाफुलीतून काढलेलं बरं का!”

झालं! सदाफुली तर फाटकापाशीच माजलेली. एवढंएवढंसं काय देतात मेले, पातेलंभर उकळून पाजलं तर बाई परवा घरी! शिंप्याने पानं ओरबाडली, घरी काढा केला, थर्मासात भरला. पण सवय जाते होय? निघण्याआधी पेलाभर स्वतः ट्रायलला घेतला.

वॉर्डात पोचेपर्यंत गडी पांढराफटक. थर्मास टेबलावर, स्वारी बादलीवर. सिस्टरने झाकण उघडून वास घेतला, ‘सदाफुलीचा काढा’ एवढं त्याच्याकडून वदवून घेतलं आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्या धावतच आल्या.

“तुम्ही प्यायलात हे?” त्यांनी बायकोला विचारलं.

“मी कशी पिणार? यांची ट्रायल अजून कुठं संपलीय?”

डॉक्टरीणबाई मटकन खाटेवर बसल्या. “अहो मास्टर, त्या पानांत नाही नाही ते असतं. त्यातलं नेमकं एक वेगळं काढून, तोलूनमापून देतो आम्ही. तेसुद्धा जास्त झालं तर जीव जातो. यांच्या पोटात हे गेलं असतं ना...”

शिंप्याची रवानगी समोरच्या रिकाम्या खाटेवर झाली. हाताला सलाइन, तोंडातून शब्द नाही. अख्ख्या गल्लीने कधी न पाहिलेलं दृश्य.

“अहो,” बायकोने विचारलं, “खांद्यात कुठं धरतंय का?”

तो हसायला गेला आणि ढसाढसा रडला.

पुढे औषधांनी तिचे केस गेले. शिंप्याने फुलाफुलांची टोपी शिवली आणि अर्थातच स्वतः घालून आधी वॉर्डभर फिरून आला.

“कानाशी जरा सैल वाटतेय.”

“वाटू दे. काढा आधी,” ती म्हणाली, “डोकं माझं गार पडलंय.”