सिंगापुरात असं नसतं

मालवणच्या बंदराजवळ माझी खानावळ होती. खानावळ म्हणजे पडवीत चार बाकडी आणि आत चुलीशी माझी बायको सुभद्रा. भात, माशाची आमटी, एक तळलेली तुकडी आणि सोलकढी, एवढाच बेत. कारकून, तांडेल, कोर्टात तारखेला आलेले पक्षकार, सगळे मुकाट्यानं जेवत आणि ढेकर देऊन जात. ढेकर न देता उठणारा माणूस मला एकच भेटला, तो म्हणजे गुरुदास कुबल.

गुरुदास मालाच्या बोटीवर खलाशी होता. मुंबईहून निघायचं ते कोलंबो, रंगून, पेनांग, सिंगापूर करत थेट जपानातल्या कोबे बंदरापर्यंत. वर्ष-दीड वर्षानं सुट्टीवर यायचा तेव्हा ट्रंकेत कापड असायचं, घड्याळ असायचं, पण सगळ्यात जड सामान म्हणजे त्याची मतं. पहिला घास घेऊन तो डोळे मिटायचा. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, चव लागली. मग डोळे उघडून म्हणायचा, “भाई, मासो ताजो आसा खरो. पण सिंगापुराक असा नसता.”

मासा तासाभरापूर्वी समोरच्या होडीतून उतरलेला असायचा. तरी सिंगापूरपुढे माशानं आणि मी दोघांनीही मान खाली घालायची, असा शिरस्ता पडला. पेनांगला शेवया आमटीत घालतात आणि वर नारळाचं दूध ओततात, रंगूनला वाळल्या कोळंबीची चटणी भातावर भुरभुरतात, कोबेला मासा कच्चाच खातात आणि सोबतच्या हिरव्या चटणीनं नाकातून धूर येतो. चार बाकडी तोंड उघडं टाकून ऐकत बसायची आणि आमटी गार व्हायची.

मी निदान पैसे घेऊन हे ऐकत होतो. त्याची बायको सुगंधा फुकट ऐकायची. तिचं बांगड्याचं तिखलं, ते तिरफळाच्या वासाचं घट्ट तिखट कालवण, म्हणजे आमच्या वाडीत शेवटचा शब्द. सुभद्रासुद्धा, जी दुसऱ्या बाईच्या हाताला सहसा बरं म्हणत नाही, ती वाटी घेऊन तिच्या दारात जायची. आणि त्याच तिखल्यासमोर गुरुदास डोळे मिटून सिंगापूर काढायचा. सुगंधा एकदा सुभद्राकडे म्हणाली होती, “माका साडी नको, बांगडी नको. एकदा तरी ह्येणां ‘बरा झाला’ म्हणूचा. तितक्याच.” मागून मागून बाईनं जगातली सगळ्यात महाग वस्तू मागितली होती.

चौसष्ट साली पाठीनं दगा दिला आणि गुरुदास बोट सोडून कायमचा घरी आला. आता सिंगापूर दिवसातून दोनदा पानावर येऊ लागलं. नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, नव्या हंगामाचे पहिले बांगडे आले. सुगंधानं जीव ओतून तिखलं केलं. गुरुदासनं डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, “पेनांगाक ह्यात दूध घालतत.”

सुगंधानं डाव खाली ठेवला. “तुझ्या तोंडातसून ‘बरा’ येयपर्यंत ह्या घरात पेज. पेज आणि मिठातली मिरची. बाकी काय नाय.”

आम्हाला वाटलं, दोन दिवसांत मिटेल. दिवाळी गेली तरी पेज चालूच. दुपारी घरी पेज, संध्याकाळी माझ्याकडे जेवण आणि जेवणाला शिव्या. पेजेला मात्र तो नावं ठेवत नसे, कारण सिंगापूरची पेज कशी असते ते त्यालाही आठवत नसावं. धंदा माझा होता, हसू मला यायला हवं होतं, पण येत नव्हतं. सुगंधा स्वतःही दोन्ही वेळा पेजच घ्यायची. तिच्या हातांना काम उरलं नव्हतं आणि गळ्याची हाडं दिसायला लागली होती. मला तिचं फार वाईट वाटायचं.

नाताळाच्या आधी एक दिवस वेंगुर्ल्याचा एक म्हातारा ख्रिस्ती गृहस्थ खानावळीत आला. नाव डॉमिंगो. गुरुदासच्याच बोटीवरचा भंडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. मी त्याला वाढता वाढता विचारलं, तुमचा गुरुदास सिंगापुरात नक्की कुठल्या हॉटेलात जेवायचा?

डॉमिंगोला ठसका लागला. “हॉटेलात? तो बोटीरसून उतराक बघी नाय! एकदाच कोब्याक आमी तेका हॉटेलात व्हेलो. समोर कच्चो मासो इलो. ह्येणां तो गुपचूप रुमालात बांधल्यान, बोटीर हाडल्यान आणि माका म्हणता, ‘डॉमिंगो, ह्येचा तिखला कर.’ रोज माझ्या चुलीकडे उभो. सुगंधा असा वाटता, सुगंधा तसा घालता. अख्ख्या बोटीक तेच्या बायलेच्या हाताची चव ठावक हुती, बघूक कोणी नाय तिका.”

मी दोन गिऱ्हाइकांचा भात तसाच ठेवून डॉमिंगोला सुगंधाच्या दारात नेलं. गुरुदास केस कापायला गेला होता. डॉमिंगोनं सगळं पुन्हा सांगितलं. मला वाटलं, बाई विरघळेल. ती लालबुंद झाली.

“खलाश्यांका सांगल्यान, भंडाऱ्याक सांगल्यान. माकाच तेवढा सांगूक नाय?” मग जरा वेळानं म्हणाली, “डॉमिंगो, तुमी करा आज तिखला. मी माझ्या नावान वाढतंय. ह्येका तो बरा म्हणालो, तर खोट माझ्याच हातात आसा, असा समजान.”

आता प्रश्न चुलीचा. ज्याच्या हातचं नवऱ्यानं बोटीवर वर्षानुवर्षं खाल्लं, त्याला घराच्या चुलीशी कसं बसवायचं, यावर आमचा धर्म दोन क्षण अडला. सुगंधानं अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल पेटवून धर्म आणि डॉमिंगो दोघांची सोय केली. मी बाजारातून बांगडे आणले. तिखलं शिजलं, आणि गुरुदासची चाहूल लागताच आम्ही दोघे मागल्या दारी लपलो.

ताटात तिखलं बघून गुरुदास आधी बसायचंच विसरला. मग त्यानं घास घेतला आणि डोळे मिटले. सुगंधा खांबाला धरून उभी होती.

“सुगंधा,” तो डोळे उघडून म्हणाला, “ह्या तुझ्या हातचा नाय.”

“माझ्याच हातचा.”

“खोटा बोलू नको. तुझा तिखला मी वळखूचंय नाय? तू तिरफळा फोडून मागसून घालतंस, हंय ती आधीच शिजवन कडू केली हत. तुझा खोबऱ्याचा वाटप गंधासारख्या, ह्या दाताखाली येता. आमच्या बोटीवरचो डॉमिंगो असला करी. किती सांगलंय तेका, सुगंधासारखा कर, सुगंधासारखा कर. मेल्याक मराक टेकलो तरी जमाक नाय.”

माझ्या शेजारी डॉमिंगो हळूच छातीवर क्रूसाची खूण करत होता.

“मगे तुका थंय बोटीर जा व्हया हुता, ता हंय घरात गावल्यार कित्या बोललंस नाय?” सुगंधानं खांब सोडला.

गुरुदासनं हातातला घास ताटात ठेवला. “थंय मी रडलंय गो ह्या चवीसाठी,” तो म्हणाला. “हंय... हंय ती रोजच गावता.”

“म्हणान माका कधी सांगूक नाय.”

तिनं त्याच्या पुढचं ताट उचललं. टोपात उरलेलं तिखलं मग मी आणि डॉमिंगोनं मागल्या दारी बसून संपवलं. चांगलं होतं, पण आम्हाला विचारतो कोण. सुगंधा आत गेली आणि पेजेचा वाडगा आणून तिनं त्याच्यापुढे ठेवला. “आज ह्याच. बांगड्याचा फाल्या बघूया.”

गुरुदासनं वाडगा तोंडाला लावला. डोळे मिटले नाहीत. घोट घेतला आणि तिच्याकडे बघत म्हणाला, “बरी झाली.”

पदर डोळ्यांना लावून सुगंधानं वाडग्यात आणखी पेज ओतली.