भर दुपारचे दगड

धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीत लागलेलं पहिलं लग्न माझं. ना भटजी, ना देवक. बुद्धवंदना म्हणून आम्ही एकमेकांना हार घातले आणि मी पांढरकवड्यापलीकडे, जंगलाच्या कडेच्या घरात नांदायला आले. घरात सासू, नवरा आणि मी. शेजार एका शेतापलीकडे.

महिनाभरात दगड पडू लागले. भर दुपारी, छपराच्या कवेलूंवर. नवरा धावत बाहेर जायचा, तर बाहेर चिटपाखरू नसायचं. मग घरातही सुरू झालं. पाण्यानं भरलेला पितळी गुंड माझ्या डोळ्यांदेखत कलंडला. दांडीवरच्या नव्या लुगड्याला भोकं पडली. भाकरी थापताना मी सारखी मागं वळून बघायची.

गावानं भानामती ठरवली. देवाविना लगन लागलं, नवरीच्या पायानं बाधा आली, म्हणे. नवऱ्याच्या चुलत्यानं एक भगत आणला. त्यानं अंगणात निखारे पेटवून त्यात विळा घातला.

"पोरीले समोर बसवा. हातावर डाग देल्याबिगर हे सुटत नाही."

नवरा खाली मान घालून उभा होता. विळ्यापेक्षा मला त्याच्या गप्प राहण्याचीच धास्ती वाटली.

सासू घरातून आली. माझ्याशेजारी बसून तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले. "थांबा जरासं," एवढंच म्हणाली. तिचे तळवे घामानं ओले झाले होते. तीही भ्यायली होती तर!

विळा निखाऱ्यांत लाल होत गेला. मग धाडकन दगड पडला. फुटक्या कवेलूचे तुकडे अंगणात उडाले.

"हिचे हात माह्या हातात हायेत," सासू म्हणाली. "मंग डाग कोणाले देता?"

"देव परत मांड बाई, नाही त घर जाईन," भगत म्हणाला.

"जाऊ दे घर. पोरीले हात नोको लावू."

भगत विळा घेऊन निघून गेला. मी नवऱ्याशी बोलणं सोडलं. आठवड्यानं त्यानं विचारलं, "काहून बोलत नाहीस?" "तुमी तरी कुठं बोलले?" मी म्हणाले. तो विहिरीकडे निघून गेला.

दगड कमी होत गेले आणि कापूस वेचणीच्या सुमारास थांबले. कोणी म्हणे वानरं होती, कोणी म्हणे चुलताच. मला अजून ठाऊक नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरचे न्यायला आले, तेव्हा सासू म्हणाली, "इथंच होऊ द्या." मीही हो म्हटलं.