एव्हाल्डकाकांचा कोट

काल्यो वेसिकचे सिनेमे रटाळ असतात, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायचो. एकाच झाडावर सात-सात मिनिटं! पंधरा वर्षं मी त्याच्या प्रत्येक सिनेमात आवाज टिपला, त्यामुळे मला बोलायचा हक्क होता. सिनेमा यायचा, ताल्लिन शहरात रिकाम्या खुर्च्यांपुढे चालायचा आणि डब्यात जायचा.

मग त्याने वडिलांवर सिनेमा करायला घेतला. एव्हाल्डकाका हीऊमा बेटावर एकटे राहायचे. जन्म मासेमारीत गेला, आणि आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला. नोव्हेंबरातल्या एका सकाळी ते बायकोच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला निघाले आणि डाव्या हाताने कोटाची बटणं लावायला लागले. बटण भोकापर्यंत यायचं आणि निसटायचं. मधे एकदा त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्यामागच्या काल्योकडे पाहिलं. त्याने हाताने खूण केली, चालू दे. मी चालू ठेवलं. नऊ मिनिटं.

त्या नऊ मिनिटांनी त्याला परदेशातल्या एका महोत्सवात बक्षीस मिळवून दिलं. परीक्षकांचे डोळे भरून आले म्हणे. आम्ही दोघं त्या रात्री भरपूर प्यायलो.

वसंतात बेटावरच्या सभागृहात सिनेमा दाखवायचा ठरला. बायकांनी केक आणले, शेजारच्या सल्मेने काकांना आपल्या गाडीतून आणून पुढच्या रांगेत बसवलं. ती नऊ मिनिटं सुरू झाली तशी काकांनी टोपी काढून मांडीवर घेतली आणि मान खाली घातली. दिवे लागले. टाळी एकही नाही.

सल्मे उठली. म्हणाली, "काल्यो, मी कुंपणापलीकडेच होते रे. हाक मारली असतीस तर बटणं लावून दिली असती."

घरी जाताना गाडी मी चालवत होतो. मग काका मागून म्हणाले, "तू नुसता बघत होतास होय?"

"हो, बाबा."

"मला वाटलं, तुमचं यंत्र बिघडलंय. तुम्ही त्यात गुंतलेले, म्हणून मी हाक नाही मारली."

काल्योने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचे कान लाल झाले होते. माझे तर जळत होते.

त्याने महोत्सवाला पत्र लिहिलं, तेवढा भाग काढतो. उत्तर आलं, तोच तर सिनेमाचा प्राण आहे. पुढे त्याने ताल्लिनमधलं घर सोडलं आणि बेटावर राहायला गेला. मी एकदा गेलो, तर पठ्ठ्या बटाटे सोलत होता आणि काका ओरडत होते, "अरे, सालीबरोबर निम्मा बटाटा चालला!" तीन वर्षांनी काका गेले. काल्यो तिथेच राहिला. कॅमेरा पुन्हा हातात घेतला नाही.

ताल्लिनमध्ये लोक अजून विचारतात, एवढा मोठा दिग्दर्शक, सोडलं कशाला? मी सांगतो, वडिलांची सेवा करायला. लोकांना ते फार थोर वाटतं. मी खुलासा करत नाही. केला तर माझंही नाव येईल.