कूलरसमोरची जागा

ओल्या वाळ्याचा वास आला की नाशिकमधली मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांची मे महिन्यातली ती बैठक आठवते. या आजारामुळे ऊन वाढलं की माझे पाय लटपटायचे आणि लासलगावच्या लिलावात बाकीचे व्यापारी हसायचे, "शेठ, आज सकाळीच घेतलीत का?" तोच राग डोक्यात घेऊन मी बैठकीला गेलो आणि एकुलत्या एका कूलरसमोर ठाण मांडून बसलो. तेवढ्यात काठी टेकत एक बाई आल्या. "दादा, सरका की! उन्हात काय तुमचेच पाय लटपटतात?" मी तर तिथे कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. कांद्याच्या भावात चार आणेही न सोडणारा मी मुकाट्याने सरकलो. मला दारुडा ठरवणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही. पण त्या बाईंसाठी कूलरसमोरची जागा आजही भांडून अडवून ठेवतो.